बर्नीचा डाग, कोर्टनीच्या गालावर

बर्नाडेट कोझाकच्या गालावरचा डाग बीटाच्या रंगाचा होता. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून निघून जबड्यापर्यंत आणि तिथून थोडा मानेवर उतरलेला. वरच्या बाजूला लाल, खाली जांभळा. तो कशामुळे आला हे बफेलोच्या ईस्ट साइडला, आमच्या पोलिश वस्तीत, शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिची आई स्टेला पोटुशी असताना कोपऱ्यावरच्या सॉसेजच्या कारखान्याला आग लागली आणि सगळी आळी रस्त्यावर येऊन बघत उभी राहिली. पोटुशीने आग बघू नये, बघितलीच तर तोंडाला हात लावू नये, असं स्टेलाला तिच्या आईने, म्हणजे बर्नीच्या आजीने, बुशाने, बजावून ठेवलं होतं. स्टेलाने आग बघितली आणि घाबरून उजव्या गालावर हात ठेवला. पोर जन्मली तेव्हा बुशाने दुपटं बाजूला केलं, तिचा गाल बघितला आणि लेकीला म्हणाली, "घे. हा तुझा हात."

डॉक्टरने रक्तवाहिन्यांचं काहीतरी सांगितलं. पण डॉक्टर परगावचा होता, त्याचं कोण ऐकतो.

स्टेलाने ही गोष्ट आयुष्यभर उगाळली. पाहुणे आले की आग, भाजी निवडताना आग, लेकीची वेणी घालताना आग. "मी तेव्हा हात खिशात घातला असता तर आज तुझं लग्न झालं असतं," असं ती बर्नी दहा वर्षांची असतानाच म्हणायला लागली होती. केस मात्र ती न चुकता उजव्या गालावर ओढून पिनेने बसवून द्यायची, आणि ते करताना कधी आरशात बघायची नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्याकडे डिंगस असतो. पोरं पिचकाऱ्या आणि बादल्या घेऊन पोरींच्या मागे लागतात, मऊ बोंडांच्या फांद्यांनी त्यांच्या पोटऱ्यांवर फटके देतात. पोरी किंचाळतात, शिव्या घालतात आणि घरी जाऊन कोण किती भिजलं ते एकमेकींना सांगत बसतात. जी कोरडी घरी येते तिच्याकडे आई एकदा बघते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. बर्नी पंधरा वर्षांची होती तेव्हा मुद्दाम पातळ ब्लाउज घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली. डावीकडे तिची मावसबहीण भिजली, उजवीकडे मैत्रीण भिजली. रिची वोझ्निअक नावाचा मुलगा बादली उचलून तिच्या समोर आला. नेमका वारा आला आणि केस उडाले. रिचीने बादली खाली घेतली आणि म्हणाला, "सॉरी हं." अगदी सभ्यपणे म्हणाला. त्याने थोबाडीत मारली असती तर बर्नीने एखाद वेळेस माफ केलं असतं. त्या सभ्यपणासाठी तिने त्याला कधीच माफ केलं नाही. चाळीस वर्षांनी तो हार्ट अटॅकने गेला तेव्हा ती अंत्यसंस्काराला गेली, ती फक्त तो खरंच गेलाय का ते बघायला.

शाळा संपल्यावर ती बेकरीत लागली, मागच्या बाजूला, भट्टीजवळ. पुढे काउंटरवर गोऱ्या गालाच्या पोरी. तिथून पहिल्या पगारवाढीनंतर ती चीकटोवागाच्या मॉलमध्ये गेली, मोठ्या दुकानाच्या मेकअपच्या काउंटरवर, आणि डाग झाकायला काहीतरी द्या म्हणाली. तिथे रोझ टेरानोव्हा नावाची जाडजूड इटालियन बाई होती. दुसरी कोणी असती तर चेहऱ्यावर दया आणली असती. रोझने तिला उंच स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून दिव्याकडे वळवली आणि म्हणाली, "अगं, हा तर खजिना आहे."

त्या दिवशी रोझने तिला रंगांचं शास्त्र शिकवलं. कातडीच्या रंगाचं क्रीम थेट डागावर थापलं तर डाग राखाडी होऊन वर येतो, मेलेल्या माणसासारखा. आधी रंगाने रंग मारायचा. लाल भागावर हिरवा करेक्टर, जांभळ्यावर पिवळा, डोळ्याखालच्या निळसर काळ्यावर नारिंगी. तोही पातळ, बोटाच्या उबेने, थोपटून. घासायचं नाही. मग पावडर, आणि नमो मारियाची एक प्रार्थना म्हणून संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग कातडीचा रंग. रोझने डागाचा वरचा अर्धा भाग झाकला आणि खालचा उघडा ठेवला, फरक कळावा म्हणून. तेवढ्यात भोवती बायकांचा घोळका जमला होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बर्नीच्या तोंडाकडे बघून लोक टाळ्या वाजवतायत, हे तिच्या जन्मात पहिल्यांदा होत होतं.

पुढच्या महिन्यात ती बेकरी सोडून काउंटरवर लागली.

मग वर्षानुवर्षं दर शनिवारी दुपारी बर्नी पांढरा कोट घालून त्या स्टुलावर बसायची, सगळ्यांसमोर चेहरा पुसायची, आणि आरसा हातात धरून अर्धा डाग नाहीसा करायची. शेवटी ओलं फडकं झाकलेल्या भागावर दाबून दाखवायची. फडकं कोरं निघायचं. लोक तिला 'शनिवारची बर्नी' म्हणायचे. भाजलेल्या बायका यायच्या, कोडाच्या बायका यायच्या, लग्नाच्या आदल्या दिवशी पुळी आलेल्या नवऱ्या मुली यायच्या. बर्नी गोड बोलणाऱ्यातली नव्हती. "डाग जाईल. नाकाचं काही सांगू नका, नाक देवाकडचं आहे," असं ती तोंडावर सांगायची. बायका रडत यायच्या, चिडून जायच्या, पण डबी घेऊन जायच्या. रोझ निवृत्त झाली, मेली. दुकानाचं नाव बदललं, दिवे बदलले. स्टूल तेच राहिलं आणि स्टुलावर बर्नी.

तिचं सगळं आयुष्य त्या स्टुलाएवढं होतं आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. घरी स्टेला होती, पंच्याऐंशीच्या पुढे गेलेली, अजून आगीचं सांगणारी. रात्री चेहरा धुतला की बर्नी दिवा मालवून झोपायची. पण शनिवारी तिच्याकडे लोक टक लावून बघायचे आणि तिला ते आवडायचं. मनात तिने एक हिशोब पक्का करून ठेवला होता. सगळं वाईट त्या डागामुळे झालं. डाग नसता तर रिचीने बादली ओतली असती. डागाखाली एक दुसरी बर्नी आहे, तिला कोणीतरी नक्की भिजवलं असतं. ही दुसरी बर्नी दर शनिवारी अर्धीमुर्धी दिसायची आणि तेवढ्यावर पहिली बर्नी आठवडा काढायची.

त्या हिवाळ्यात कंपनीने मेरिडिथ नावाची नवी बाई नेमली. कनेटिकटची, चाळिशीच्या आतली, आवाज कापसासारखा. तिने एक शनिवार उभं राहून सगळं बघितलं, शेवटी टाळ्याही वाजवल्या, आणि मग बर्नीला मागच्या खोलीत बोलावून खुर्ची पुढे केली.

"बर्नाडेट, तुमचा 'आधी' अप्रतिम आहे. मी असा 'आधी' कुठेच बघितला नाही."

"थँक्यू," बर्नी म्हणाली.

"अडचण तुमच्या 'नंतर'ची आहे."

बर्नीला आधी कळलंच नाही. मेरिडिथने हात जोडल्यासारखे करून ते टेबलावर ठेवले.

"वाईट वाटून घेऊ नका. पण गिऱ्हाईक काय विकत घेतं? 'नंतर' विकत घेतं. डाग गेल्यावर जे उरतं ते बघून बाईला वाटलं पाहिजे, मला असं व्हायचंय. तुम्ही डाग झाकता, आणि खाली... तुम्ही असता."

"मग कोण असायला पाहिजे?"

"कोर्टनी," मेरिडिथ म्हणाली.

कोर्टनी डिपाओलो दोन काउंटर पलीकडे अत्तरं फवारायची. बाविशीची, कॉलेजात नाटकं करायची, गाल असे की त्यांच्याकडे बघून गिऱ्हाईक भाव विचारायला विसरायचं. तिच्या चेहऱ्यावर साधा तीळ नव्हता.

"तिला कुठे डाग आहे?" बर्नीने विचारलं.

"म्हणूनच तर तुमची गरज आहे. तुमच्याइतका तो डाग कोणाला पाठ असणार? शनिवारी सकाळी तुम्ही तो तिच्या गालावर काढायचा. पगार तोच. उभं राहायचं नाही, बसायचं नाही, मागे निवांत." मेरिडिथ हसली. "तुम्ही आता कलाकार आहात."

बर्नीला नाही म्हणता आलं असतं. बेकरीत परत जाता आलं असतं, पण बेकरी बंद पडली होती. आणि खरं सांगायचं तर मागच्या खोलीत का होईना, डाग तिचाच वापरणार होते, एवढ्यावर तिने समाधान मानलं. दुसऱ्या कोणाचा डाग आणला असता तर ती मेली असती.

पहिल्या शनिवारी तिने कोर्टनीला आरशासमोर बसवलं, स्वतःचा चेहरा पुसला आणि आरशात दोघींचे गाल शेजारी शेजारी धरले. सिनेमात जखमा रंगवतात तो स्पिरिटचा रंग, पाण्याने न निघणारा, मेरिडिथने मागवून ठेवला होता. बर्नीने डोळ्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. जबड्यापाशी डागाला एक खाडी होती, मानेवर तीन बेटं होती. तिने एकही बेट सोडलं नाही. काम झाल्यावर कोर्टनीने मान इकडेतिकडे वळवून बघितलं.

"बर्नी, तुम्हाला हा रोज दिसतो?"

"नाही. लोकांना दिसतो. मला आरशात दिसतो, तेवढाच."

"खरं सांगू? वाईट नाही दिसत."

"तुझ्यावर नाही दिसत," बर्नी म्हणाली. तिला टोमणा मारायचा होता. पण बोलता बोलता तिने नीट बघितलं. खरंच वाईट दिसत नव्हता.

ती मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून बघत राहिली. कोर्टनी स्टुलावर चढली, दिवा पडला, आणि लोकांत जो आवाज उठला तो बर्नीच्या वेळी कधी उठला नव्हता. बर्नीला बघून बायका जिभा टाळ्याला लावायच्या, च् च् करायच्या. कोर्टनीला बघून त्यांनी उसासा टाकला. एक पोरगा, हातात लिंबाचं सरबत, मित्राला म्हणाला, "यार, डाग असूनही कसली दिसते." मित्र म्हणाला, "डागामुळेच वेगळी दिसते. झाकूच नको म्हणावं."

बर्नीने दार लावून घेतलं.

तोच डाग होता. तिने स्वतः काढला होता, बेटांसकट. डोळ्यापासून मानेपर्यंत एक रेघ इकडची तिकडे नव्हती. मग आयुष्यभर ज्याच्या नावाने खडे फोडले तो डाग गुन्हेगार नव्हताच. रिचीची बादली डागाने थांबवली नव्हती. वारा आला, केस उडाले, आणि रिचीने बर्नीला बघितलं, बस. ती खोक्यांवर बसली आणि तिने ओठ चावून धरला. डागाखाली कोणी दुसरी बर्नी नव्हती. खाली तीच होती, जाड नाकाची, लोंबत्या गालाची, आणि तिला कोणी भिजवलं नव्हतं ते तिच्यामुळेच.

त्या रात्री तिला कोर्टनीचा जेवढा राग आला तेवढा तिला कधी कोणाचा आला नव्हता. रिचीचाही नाही.

कोर्टनी तशी वाईट पोरगी नव्हती. बर्नीसाठी कॉफी आणायची, तिच्या सुरकुतल्या हातांना क्रीम लावून द्यायची. पण ती बाविशीची होती. काही शनिवार गेल्यावर म्हणाली, "बर्नी, हा रंग काढताना स्पिरिटने गाल पेटतो हो. रविवारभर लाल राहतो. दुसरा काही नाही का, साधा, सहज निघणारा?"

"लाल राहतो?"

"हो ना. बॉयफ्रेंड विचारतो, कोणी थोबाडीत दिली."

बर्नीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. एक रविवार गाल लाल राहिला तर या पोरीला बॉयफ्रेंडला उत्तर द्यावं लागत होतं. बर्नी म्हणाली, "आहे की. जत्रेत पोरांची तोंडं रंगवतात तो. पाण्याने निघतो."

"तोच लावा ना, प्लीज."

"तू म्हणतेस तर तो लावते," बर्नी म्हणाली.

पाण्याच्या रंगाचा डाग कोरडा असेपर्यंत हुबेहूब दिसायचा. झाकलेल्या भागावर ओलं फडकं लावलं तरी काही बिघडायचं नाही, कारण वरचं क्रीम कंपनीचं, पाण्याला दाद न देणारं. उघड्या भागाला कोणी हात लावत नसे. मेरिडिथला कोणी सांगितलं नाही, आणि कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं.

मग ईस्टर जवळ आला आणि मॉलवाल्यांनी डिंगसच्या सोमवारी पोल्का बँड, सॉसेजच्या गाड्या आणि पोरांसाठी पिचकाऱ्या असा बेत ठरवला. मेरिडिथने डिंगस हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि तिचे डोळे चमकले.

"म्हणजे लोक स्वतः पाणी मारणार? बर्नाडेट, ही तर आयती जाहिरात आहे. कोर्टनी अर्धा डाग झाकेल, अर्धा उघडा ठेवेल. मग आपण म्हणू, मारा पाणी. किती मारायचं तितकं मारा. आमचं हलणार नाही."

ईस्ट साइडच्या कुठल्याही बाईने ताबडतोब विचारलं असतं, उघड्या अर्ध्याचं काय. पण मेरिडिथ कनेटिकटची. तिच्या डोक्यात फक्त कंपनीचं क्रीम होतं. कातडी भिजते हे तिच्या गावीच नव्हतं. कोर्टनीही पाणी म्हटल्यावर ब्लाउज कोणता घालायचा याच विचारात होती.

"तुमच्याकडून सगळं तयार ना?" मेरिडिथने विचारलं.

एक वाक्य बोललं असतं तर भागलं असतं. स्पिरिटचा रंग कपाटातच होता, हाताच्या अंतरावर. बर्नीने त्या कपाटाकडे बघितलं.

"तयार," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी तिने कोर्टनीच्या गालावर डाग काढला, तो आजवरचा सगळ्यात सुंदर. जबड्याची खाडी, मानेची बेटं, वरचा लाल, खालचा जांभळा, आणि मध्ये दोन्ही मिसळतात तिथला तो तपकिरी पट्टा, जो तिने एरवी कंटाळून सोडला असता. जत्रेचा पाण्याचा रंग. तिला हे करताना आनंद होत होता आणि आपल्याला आनंद होतोय हे तिला कळतही होतं.

बाहेर बँड वाजत होता. म्हाताऱ्या लाल जाकिटं घालून नाचत होत्या, पोरं पिचकाऱ्या भरून तयार होती. कोर्टनी स्टुलावर चढली. हिरवा, पिवळा, पावडर, कातडीचा रंग. वरचा अर्धा गाल दुधासारखा झाला. मेरिडिथने माईक घेतला आणि गोड आवाजात सगळ्यांना पाणी मारायला सांगितलं.

एका पोराने पहिली पिचकारी मारली. दोन मारल्या. मग सगळेच सुटले.

झाकलेला अर्धा हलला नाही. थेंब मोत्यांसारखे घरंगळून गेले. कंपनीने जे सांगितलं ते अगदी खरं होतं. पण खालचा उघडा डाग विरघळला, आणि जांभळे ओघळ कोर्टनीच्या मानेवरून पांढऱ्या कोटावर, कोटावरून स्टुलावर उतरले. झाकण पक्कं निघालं आणि डाग कच्चा. मग मागून एक म्हातारा ओरडला, "हा तर भिंतीचा रंग." आणि जो हशा उठला त्यात बँड बंद पडला. लोक चेकाळले. "आमच्या बायकांना रंगीत बाहुली दाखवून डब्या विकता होय?" पिचकाऱ्या थांबेनात. कोर्टनीने गालावर हात ठेवला, तो जांभळा झाला. तिने वळून मागच्या दाराकडे बघितलं. बर्नी फटीत उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं," कोर्टनी जवळ आल्यावर म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"तूच म्हणालीस ना, सहज निघणारा लावा."

कोर्टनी रडत आत गेली. बर्नीला वाटलं होतं आता छान वाटेल. वाटलंही, पण फार थोडा वेळ, कारण लगेच मेरिडिथ आली आणि तिने बर्नीचा दंड धरला.

"चला. लवकर. खरा डाग दाखवायचा."

स्टूल. तिचं स्टूल. ती स्वतः होऊन पुढे गेली, ओढत न्यावं लागलं नाही. जांभळं पाणी कोणी पुसलं नव्हतं, ती त्यावरच बसली. कोल्ड क्रीम घेऊन तिने सगळ्यांसमोर चेहरा पुसला, जसा वर्षानुवर्षं पुसत आली होती, आणि उजवा गाल लोकांकडे वळवला.

"हा पण रंगवलेला," कोणीतरी म्हणालं.

"रंगवलेलाच. आता बघ," पिचकारीवाला पोरगा म्हणाला.

"अरे, ही तर शनिवारची बर्नी," एक बाई म्हणाली. पण तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

पहिली पिचकारी डोळ्यात बसली. बर्नीने डोळे मिटले. गार पाणी गालावरून ब्लाउजच्या आत गेलं आणि तिच्या अंगावर काटा आला. त्या एका श्वासापुरतं ती चर्चच्या पायऱ्यांवर होती आणि रिचीने बादली खाली घेतली नव्हती. तिला हसू फुटलं. ती खरोखर हसली, तोंड उघडून. मग पाणी तोंडात गेलं.

"जात नाही रे."

"अजून मार. जवळून मार."

"खालच्या बाजूला मार, तिथे जांभळा आहे, तिथे निघेल."

ते तिच्याकडे बघत नव्हते. डागाकडे बघत होते, भिंतीचा पोपडा निघतो का ते बघावं तसे. म्हातारा पुढे आला आणि त्याने अंगठा ओला करून तिच्या जबड्यावर घासला, जोरात, मग अंगठा उजेडात धरून बघितला. "खरा आहे," त्याने जाहीर केलं. तरी लोकांची खात्री होईना. कोणीतरी सॉसेजच्या गाडीवरची बादली आणून तिच्या डोक्यावर उपडी केली. पाण्याला कोबीचा वास होता. मेरिडिथ शेजारी माईक धरून उभी होती आणि थांबवत नव्हती, कारण प्रत्येक पिचकारीबरोबर कंपनीची अब्रू परत येत होती. शेवटी लोकांचा विश्वास बसला आणि विश्वास बसल्यावर त्यांना कंटाळा आला. बँड पुन्हा सुरू झाला.

बर्नीने हिरव्या करेक्टरची डबी उघडली. प्रयोग पुरा करायचा होता. पण ओल्या कातडीवर हिरवा बसत नाही. बोटाखाली तो सरकत राहिला.

"राहू द्या, राहू द्या," मेरिडिथ म्हणाली. "काम झालं. शनिवारपासून पुन्हा तुम्हीच बसा. कोर्टनी काही आता येणार नाही. फक्त सुरुवातीला एक पिचकारी ठेवू या. गिऱ्हाइकाला मारू द्यायची. म्हणजे खात्री पटते."

"चालेल," बर्नी म्हणाली.

ती तशीच बसने घरी गेली. स्टेला स्वयंपाकघरात ईस्टरचं उरलेलं हॅम कापत होती. शेजारी ईस्टरच्या टेबलावर ठेवतात ते लोण्याचं कोकरू, मान तुटलेलं, आणि बीट घातलेली तिखट चटणी. तिने दाराकडे बघितलं. लेक नखशिखांत भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, पायाखाली थारोळं.

"पाऊस आहे का बाहेर?"

"नाही, मा. डिंगस आहे."

स्टेलाच्या हातातली सुरी थांबली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली आणि लेकीजवळ आली, उजव्या गालाकडे न बघता, नेहमीप्रमाणे.

"तुला कोणी भिजवलं?"

"सगळ्यांनी," बर्नी म्हणाली.

म्हातारीने टॉवेल शोधायचा सोडून भिंतीवरचा फोन उचलला आणि बहिणीला लावला. "जेनी, ऐक. आमच्या बर्नीला आज भिजवलं. हो, हो, आपल्या बर्नीला. अगं, पार न्हाऊन निघालीये, केसांपासून पायांपर्यंत." तिने फोन छातीशी धरला आणि विचारलं, "बादलीने की पिचकारीने, विचारतेय मावशी."

बर्नी ओल्या कोटातच टेबलाशी बसली आणि तिने हॅमचा तुकडा उचलला.

"दोन्हीने," ती म्हणाली.

"दोन्हीने," स्टेला फोनमध्ये म्हणाली, आणि रडायला लागली.